भिंगरीचं माप

रविवारी कापणीच्या टेबलावर जेवायचं असलं की आधी त्यावरून लोहचुंबक फिरवावं लागे. ते काम थोरलीचं. एखादी टाचणी लाकडाच्या फटीत दडून बसायची आणि कुणाच्या घासात जाईल याचा नेम नसायचा. थोरली चुंबक सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि तिच्यामागून मास्तर ओला फडका फिरवत यायचे. गिऱ्हाइकांचे ते मास्तर, मुलींचे बाबा. शिवणघर खाली होतं आणि राहण्याच्या खोल्या वर. पण वरच्या स्वयंपाकघरात चौघांच्या वर माणूस मावत नसे, म्हणून घरातलं प्रत्येक मोठं बोलणं खाली, ह्याच टेबलाशी व्हायचं. धाकटीचं लग्न इथेच ठरलं होतं. थोरलीचं इथेच मोडलं होतं, आणि ते तिनेच मोडलं होतं.

आजचं जेवण धाकटीसाठी होतं. एका जागी ठरत नाही म्हणून लहानपणी तिला कुणी तरी भिंगरी म्हटलं आणि ते नाव तेहेतिसाव्या वर्षीही तिला चिकटून राहिलं होतं. बुधवारी भिंगरीचं ऑपरेशन होतं. अंगात कुठे गाठ नाही, दुखणं नाही, जिने दोन-दोन पायऱ्या गाळून चढणारी बाई. आणि तिचे दोन्ही स्तन काढून टाकायचे होते, आजार यायच्या आधीच.

हे असं का, ते आता घरातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. आईकडची आजी ह्या आजाराने गेली. आई गेली, तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. आईची मोठी बहीण, म्हणजे मावशी, पन्नाशीत आजारी पडली आणि एक बाजू काढून निभावली. तिच्याच रक्ताची तपासणी झाली तेव्हा कळलं की हा दोष पिढीतून पिढीत उतरणारा आहे. मग दोघी बहिणींची तपासणी झाली. एकीत दोष निघाला, एकीत नाही. आणि तिथेच सगळ्या घराचा हिशोब चुकला.

कारण दोष थोरलीत निघेल असं सगळे धरून चालले होते.

भिंगरी आली ती तिच्या नवऱ्याला आणि बाळाला घेऊन. तिने बाळ बाबांच्या मांडीवर ठेवलं, खुर्ची ओढली आणि मावशीने झाकण उचलायच्या आत सांगून टाकलं, "मी बुधवारी जाणार नाहीये. उद्या फोन करून कळवते."

मावशीच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. वाफ तिच्या चष्म्यावर बसली.

खरं म्हणजे ह्या बातमीने मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. महिनाभर ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होते, की चांगल्या कापडाला कात्री लावायची कशाला. त्यावरून मावशीशी त्यांचं बोलणं बंद होतं. मीठ हवं असलं तरी ते थोरलीकडून मागायचे. पण आता मुलीने त्यांच्या मनासारखं म्हटलं, तर त्यांचा चेहरा उतरला. बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत ते म्हणाले, तारीख मिळायला किती खटपट पडली, असं ऐनवेळी नाही म्हणू नये. आणि जन्मात पहिल्यांदा मदतीसाठी मेव्हणीकडे बघितलं.

मदत करील ती मावशी कसली. गेला महिना तिने ऑपरेशनसाठी सगळ्यांना धारेवर धरलं होतं, पण आता तिच्या मनात खोल दडलेलं बाहेर पडलं. ती म्हणाली, मग आणखी एकदा तपासून घेऊ. दोघींच्या नळ्या एकाच ट्रेमध्ये होत्या, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. अदलाबदल झाली नसेल कशावरून?

"मावशी, दोनदा तपासलंय," भिंगरीचा नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि कुणी बटण दाबून दाबून वैतागलं असलं तरी आवाज चढवायचा नाही ही त्याच्या कामाची सवय होती. "दुसऱ्या वेळी वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी. तेच आलं."

"तुम्ही बोलूच नका जावईबापू. बायको नाही म्हणते आणि तुम्ही खुशाल ऐकून घेता."

तो म्हणाला की शरीर तिचं आहे. त्यावर मास्तर आणि मावशी एकदमच त्याच्यावर तुटून पडले, आणि महिनाभर न बोललेली ती दोघं एका बाजूला झाली. डॉक्टरांनी दुसरा मार्गही सांगितलाय, तो शांतपणे सांगत राहिला. दर सहा महिन्यांनी तपासायचं, आलंच तर लवकर पकडायचं. तोही रस्ता आहे, वेड्याचा नाही. पण त्याच्या ताटातला चमचा कधीचा उलटा पडला होता आणि तो त्याच्या लक्षात आला नव्हता. थोरलीला ते दिसलं. तिला वाटलं, हा माणूस रात्र-रात्र जागा असणार.

मग सगळ्यांची नजर थोरलीकडे वळली. भिंगरी कुणाचं ऐकत नसे, ऐकलंच तर ताईचं. पण थोरली गप्प राहिली. निकाल आल्यापासून ती ह्या विषयावर गप्पच होती. तिने ऑपरेशनसाठी पुढून उघडणारे, मऊ अस्तराचे दोन सदरे शिवले होते, बाळाचं दूध तुटल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन बाळाला फिरवलं होतं. हाताने करायचं ते सगळं केलं, तोंडाने मात्र काही नाही.

"बघा, ताईसुद्धा काही म्हणत नाही," भिंगरी म्हणाली, आणि उठून फिटिंगच्या खोलीत गेली. पडद्याच्या कड्या खळकन वाजल्या.

थोरलीच्या मागे भिंतीवर खुंट्यांची ओळ होती आणि त्यांवर कागद टांगलेले होते. कागद म्हणजे जाड तपकिरी कागदावर कापलेला अंगाचा बेत. गिऱ्हाइकाचं माप दरवेळी नव्याने घ्यायचं, पण घरच्या मुलीला आधी आईचा कागद लावून बघायचा आणि लागेल तेवढाच फरक करायचा, अशी ह्या शिवणघराची जुनी रीत. थोरली अठरा वर्षांची झाली तेव्हा तिला मोठ्या माणसाचा पहिला कोट बेतायचा होता. मावशीने आईचा कागद काढला आणि तिच्या अंगाला लावला. खांदा बसला. छाती बसली. कंबर बसली. कुठे बोटभर सैल नाही की आवळ नाही. मावशी टाचण्या तोंडात धरून कितीतरी वेळ उभी राहिली, मग त्या एकेक काढून हातात घेतल्या आणि स्टुलावर बसून रडली.

त्या दिवसापासून घरातले तिच्याकडे एका विशिष्ट नजरेने बघू लागले. चेहरा आईचा, अंग आईचं, म्हणजे पुढचंही आईचंच, असं उघड कुणी म्हटलं नाही; म्हणायची गरजच पडली नाही. भिंगरीचं रुंद कपाळ आणि आखूड बोटं बाबांची होती. ही माझ्यावर गेलीय, ही वाचली, असं मास्तर कौतुकाने सांगायचे. थोरली समोर असली की वाक्य अर्धं सोडायचे.

निकाल आल्यावर दवाखान्यातल्या समजावून सांगणाऱ्या बाईंनी मास्तरांना कळावं म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. चेहऱ्याचा धागा वेगळा असतो, ह्या दोषाचा वेगळा. एकाच गठ्ठ्यातून दोन्ही येतात, पण बांधून येत नाहीत. मास्तरांनी मान डोलावली होती. घरी आल्यावर त्यांनी आईचा कागद खुंटीवरून काढून, बराच वेळ हातात धरून, परत होता तिथेच लावला होता.

थोरली उठली. गळ्यात टेप होताच. जेवायला बसतानाही काढायचं तिच्या लक्षात राहायचं नाही.

भिंगरी आरशापुढे उभी होती. नेहमी ह्या खोलीत आली की ती आधी पडद्याशी खेळायची, मग टाचण्यांची उशी उचलायची, मग स्टुलावर चढायची. आज नुसती उभी होती.

"माझा कागद कुठे असतो गं?" तिने विचारलं.

"तुझा कुठे आहे?"

"तेच म्हणते मी. आजीचा आहे, आईचा आहे, मावशीचा आहे. तुला वेगळा लागलाच नाही. माझा कुणी केलाच नाही."

हे खरं होतं. भिंगरीचे कपडे बाबा अंदाजाने कापायचे आणि मग ती घरभर पळत असताना मागे मागे फिरून टाचायचे. तिच्या लग्नाच्या पोशाखातसुद्धा एक बाही किंचित लांब होती.

"तू उभी कधी राहिलीस?" थोरली म्हणाली.

"आत्ता आहे. घे."

थोरलीने खांद्याला टेप लावला. काही बोलायचं नसलं की माप घेणं फार सोयीचं. खांदा झाला, पाठ झाली, बाहीची लांबी झाली. आकडे लिहायला तिने खडू घेतला आणि आरशाच्या कडेला लिहू लागली. मग ती समोर आली, भिंगरीने हात जरा वर उचलले आणि टेप पाठीमागून वळून छातीवर आला. दोघी एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की भिंगरीच्या केसांना येणारा बाळाच्या साबणाचा वास थोरलीला आला.

"ताई, मला ऑपरेशनची भीती नाही वाटत," भिंगरी म्हणाली. "ते बाहेर दोघं समजतायत तसं नाहीये ते. दुखेल, व्रण राहतील, नवीन बसवायचं की नाही ते नंतर बघू. त्याचं काही नाही."

"मग?"

"मी चार वर्षांची होते. मला आई आठवत नाही. हसू नकोस, पण मी तुझ्याकडे बघून आई आठवायचे. तू वाकून बटणं लावायचीस तेव्हा वाटायचं, अशी असेल. घरात आलेला प्रत्येक माणूस तुला बघून म्हणायचा, अगदी आई. आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचा, ही मास्तरांची. तिचं माझ्याकडे काही म्हणता काही नव्हतं. नखसुद्धा नाही. त्या बाईंनी सांगितलं ना, हे तुमच्या आईकडून आलंय, तेव्हा आधी काय वाटलं सांगू? आनंद झाला. वेड्यासारखा. मग घरी गेल्यावर भीती वाटली, ते वेगळं. पण आधी वाटलं, आलं बाई एकदाचं काहीतरी तिचं माझ्याकडे. आणि आता तेच कापून टाका म्हणतायत."

थोरलीच्या हातातला टेप तसाच ताणलेला होता. तिने तो सैल केला, पण काढला नाही.

तिच्या मनात जे होतं ते इतके दिवस तिला स्वतःलाही उचलून बघवत नव्हतं. आता बहिणीने एवढं पुढ्यात ठेवल्यावर लपवणं तिला बरं वाटेना.

"मी तुझ्यावर रागावलेय," ती म्हणाली.

"माहितेय. का ते नाही माहीत."

"माझं घेतलंस म्हणून."

भिंगरीने उचललेले हात खाली घेतले.

"ते माझं होतं," थोरली म्हणाली. "अठराव्या वर्षापासून. रोज आंघोळीच्या वेळी दार लावून घ्यायचे आणि बोटांनी चाचपायचे. काही सापडलं नाही की वाटायचं, आज नाही, उद्या. तो मोजणी खात्यातला आला होता ना, रस्ता मोजायला, कोटाची बाही उसवली म्हणून आत आला आणि मग रोज काहीतरी उसवून यायला लागला..."

"मुद्दाम उसवायचा तो. बाबांनासुद्धा कळलं होतं."

"मलाही कळलं होतं. त्याला नाही म्हटलं, कारण बाबांसारखं आणखी एका माणसाला मागे ठेवायचं नव्हतं. त्याला कारण सांगितलं नाही. त्याने बदली करून घेतली. त्या दिवशी निकाल घेऊन दवाखान्यातून चालत येताना पहिल्यांदा काय मनात आलं असेल, तर तो आता कुठला रस्ता मोजत असेल." तिने टेप बोटाला गुंडाळला आणि परत सोडला. "ज्याची वाट बघत बसले, ते माझ्याकडे यायचंच नव्हतं. तुझ्याकडे यायचं होतं. आणि तू तोवर लग्न केलंस, बाळ झालं, जिने चढलीस. मला तुझा हेवा वाटला, भिंगरी. आजारी पडशील ह्याची भीती वाटायच्या आधी हेवा वाटला."

बाहेर टेबलाशी मावशीचा आणि मास्तरांचा आवाज येत होता. दोघं मिळून जावयाला काहीतरी समजावत होती. बाळ मध्येच हसलं.

"तू काय केलं असतंस?" भिंगरीने विचारलं. "तुझ्यात निघालं असतं तर?"

"अठराव्या वर्षी कुणी विचारलं असतं, तर त्याच दिवशी गेले असते. तूही तेच कर असं म्हणत नाही मी. तपासत राहायचा रस्ता तुझा नवरा म्हणतो तसा खरा आहे, पुष्कळ बायका त्या रस्त्याने जातात आणि नीट जगतात. पण मी त्या दाराआड उभी राहिलेय. मला तो जमला नाही. तुला एका जागी उभं राहणंसुद्धा जमत नाही, तुला वाट बघणं कसं जमेल?"

भिंगरी हसली आणि त्याच हसण्यात रडली. थोरलीने तिच्या गालावरचं पाणी खडूच्या हाताने पुसलं, तर गाल पांढरा झाला.

"आणि दुसरं," थोरली म्हणाली. हे सांगताना तिला स्वतःलाच नवल वाटत होतं की आजवर कसं सांगितलं नाही. "मी आईवर गेलेय म्हणतात ते कोणत्या आईवर, ठाऊक आहे? शेवटच्या दोन वर्षांतल्या. खाटेवर पडून असायची, हळू बोलायची, सगळ्यांकडे बघून हसायची. तीच सगळ्यांच्या डोळ्यांत राहिली. मी त्या वेळी बारा वर्षांची होते, मला त्याच्या आधीची आठवते. ती बसायचीच नाही गं. मशीन चालवताना शीळ घालायची. टाचण्या तोंडात धरून भांडायची. जिना असा चढायची की खालून बाबा ओरडायचे, पडशील. एकदा गिऱ्हाईक कपडे बदलत होतं आणि हिला कशाचं तरी हसू आलं, तर हसू आवरेना म्हणून मागच्या दाराने पळाली आणि रस्त्यावर जाऊन हसली."

"खोटं."

"बाबांना विचार. त्यांना आठवेल, पण ते सांगणार नाहीत. तुझ्या मागे टाचण्या घेऊन धावायचे ना ते, तेव्हा कधी कधी मध्येच थांबून नुसते बघत राहायचे. मला लहानपणी वाटायचं, दमले."

भिंगरीने आरशात बघितलं. कपाळ रुंदच होतं, बोटं आखूडच होती. ती बराच वेळ बघत राहिली, जणू कुणी नवीन माणूस खोलीत आलं आहे आणि ओळख काढायची आहे.

"हे आजवर का नाही सांगितलंस?"

थोरलीने टेप तिच्या कमरेला वळवला. कदाचित आई एवढी एकच तिच्या वाट्याला आली होती आणि ती तिला वाटून घ्यायची नव्हती. तिने ते राहिलेलं माप आरशावर लिहिलं.

दोघी बाहेर आल्या तेव्हा जेवण निवलं होतं. भिंगरीने आपलं ताट पुढे ओढलं. खाता खाता ती नवऱ्याला म्हणाली की उद्या फोन करायची गरज नाही. त्याने मान हलवली आणि ताटातला उलटा चमचा सरळ केला. मावशीने तिसऱ्या तपासणीचा विषय काढला नाही. मास्तरांनी मीठ मागितलं, ते थेट मावशीकडे. तिने दिलंही, पण तुमच्या जिभेला चव राहिलेली नाही हे ऐकवूनच.

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या लांब पॅसेजमध्ये ती चौघं एका बाकावर बसली. भिंगरीला आत नेलं तेव्हा ती चाकाच्या खुर्चीत बसायला तयार नव्हती. चालतच गेली, आणि सोबतच्या नर्सबाईंना त्यांच्या गणवेशाची बाही नीट बेतलेली नाही असं सांगत गेली. दार बंद झालं. मास्तर उठून उभे राहिले, ते तसेच उभे राहिले. जावई मावशीजवळ सरकून बसला, आणि मावशीने त्याचा हात आपल्या हातात घेतला.

बाळ थोरलीकडे होतं. सव्वा वर्षाचं, भुकेलं, ओळखीचा वास शोधणारं. बाटली त्याने दोनदा ढकलली. मग थोरलीच्या छातीशी तोंड घासू लागलं, कोटाच्या कडेला, मग आत सदऱ्याला.

"आण इकडे," मावशी म्हणाली. "तुला नाही जमायचं."

"राहू दे."

थोरलीने कोटाची बटणं सोडली आणि बाळाला आत घेतलं. बाळाने सदऱ्यावरून तोंडाने चाचपलं, एकीकडे, मग दुसरीकडे. तिला अंग चोरावंसं वाटलं आणि तिने चोरलं नाही. त्या जागेला आजवर फक्त तिचीच बोटं लागली होती, घाबरलेली, काही सापडू नये म्हणून शोधणारी. हे चिमुकलं तोंड काहीतरी सापडावं म्हणून शोधत होतं.

"नाहीये रे इथे," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे कधी नव्हतंच."

बाळ क्षणभर थांबलं. रडलं नाही. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग गाल तिथेच टेकवला आणि डोळे मिटले. थोरली हालचाल न करता बसून राहिली. तिचा श्वास वर गेला की बाळाचं डोकं वर जाई, खाली आला की खाली. दार अजून बंद होतं.